शेवटचं पान कुणाचं? (गीता ३.११ ते १३)



काल आपण तिसऱ्या अध्यायाच्या दहाव्या श्लोकापाशी थांबलो होतो. आज पुढचे तीन एकत्र घेतोय, कारण ते सुटे सुटे वाचले की गडबड होते. ती गडबड मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे आजचं चिंतन नेहमीपेक्षा लांब होईल. लोकलमध्ये वाचणाऱ्यांनी बसायला जागा मिळाल्यावर वाचा.

आधी सरळ अर्थ. अकरावा श्लोक म्हणतो की यज्ञाने तुम्ही देवांना पोसा, देव तुम्हाला पोसतील, आणि असं एकमेकांना पोसत दोघंही कल्याणाला पोचाल. बारावा म्हणतो की मिळालेलं परत न देता जो नुसता भोगतो तो चोर. तेरावा म्हणतो की यज्ञातून उरलेलं जे खातात ते पापातून सुटतात, आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात.

दोन वर्षांपूर्वी या तेराव्या श्लोकावर मी इथे लिहिलं होतं, त्यात माझ्या आईचं उदाहरण होतं. आमच्या घरी आई कायम सगळ्यांच्या शेवटी जेवते, सगळ्यांना वाढून जे उरेल ते तिचं, म्हणजे ती रोज यज्ञशेष खाते, गीता न वाचता गीता जगते, निष्काम कर्मयोग बघायचा असेल तर अमळनेरला आमच्या स्वयंपाकघरात या, वगैरे वगैरे. खूप जणांना आवडलं होतं. 'माझी आई पण अगदी अशीच' असं कितीतरी जणांनी कळवलं. मी खूश होतो.

मागच्या नोव्हेंबरात आईला ओट्यापाशी चक्कर आली. तपासणीत हिमोग्लोबिन ७.४ निघालं.

साठीच्या बाईचं रक्त इतकं कमी असलं की आधी पोटात कुठे रक्तस्राव होतोय का ते बघतात. दुर्बीण घालून पाहिलं, काही सापडलं नाही. मग डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारायला सुरुवात केली.

"सकाळी काय घेता?"

"चहा. साडेपाचला."

"मग?"

"मग यांचा डबा."

"मी तुमचं विचारतोय, काकू."

आई जरा गोंधळली. तिला प्रश्नच कळला नव्हता बहुतेक. मग हळूहळू निघालं ते असं. नाश्ता नाही, दहाला पुन्हा चहा, त्यात कधी रात्रीची भाकरी कुस्करून. जेवण दीड-दोनला. भाजी उरली तर भाजी. नाही उरली तर? "चटणी असते ना." जेवणावर लगेच चहा. रात्रीचं पुन्हा तसंच. डॉक्टर म्हणाले की जेवणाबरोबरच्या चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि इथे तर मुळात अन्नच कमी. त्यांनी शिरेतून लोह द्यायचं लिहून दिलं.

मी शेजारच्या स्टुलावर बसलो होतो आणि मला माझंच लेखन आठवत होतं. यज्ञशेष खाणारे पापातून सुटतात. रिपोर्टवर लाल अक्षरात ७.४.

आईबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माहेर पारोळ्याचं, जवळच. दहावी पास. १९८४ साली एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती अमळनेरला आली आणि तेव्हापासून त्याच घरात आहे. घरात आजी, आजोबा, बाबा, धाकटे काका, नंतर ताई आणि मी. बाबा जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की त्यांच्या येण्याजाण्याला वेळ राहायची नाही, पण हंगाम नसेल तेव्हा संध्याकाळी साडेसातला पाटावर बसले की गरम भाकरी पानात पडायलाच हवी. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड, ज्वारीचे बिबडे. आजोबांना अर्धांगवायू झाल्यावर तीन वर्षं त्यांचं सगळं अंथरुणात, तेही आईनेच केलं. मी इंजिनिअर माणूस, एकदा हिशेब घातला. दिवसाला पंचवीस भाकऱ्या-पोळ्या धरल्या तरी चाळीस वर्षांत साडेतीन लाखांच्या वर जातात. देवाला लाख फुलं वाहिली की लाखोली म्हणतात. हिच्या साडेतीन लाखोल्या झाल्या, कुणी मोजल्या नाहीत.

आमचं गाव तसं साधं नाही बरं का. बोरी नदीकाठचं हे गाव साने गुरुजींच्या शिक्षकी काळाचं. १९१६ सालचं तत्त्वज्ञान मंदिर इथे आहे. आणि माझ्या ऑफिसातल्या लोकांना सांगितलं की त्यांना खोटं वाटतं, पण विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरलाच झाली, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. तर गाव तत्त्वज्ञानाचं, गाव 'श्यामची आई' लिहिणाऱ्या गुरुजींचं. आईची थोरवी आम्ही शाळेच्या भिंतीवरच वाचत मोठे झालो. आता वाटतं की त्या थोरवीची आम्हाला फार सोय झाली. आईला देव म्हटलं की तिच्या पानात भाजी आहे का ते बघावं लागत नाही.

दवाखान्यातून आल्यावर मी हे तीन श्लोक पुन्हा वाचले आणि माझी चूक कुठे झाली ते दिसलं. मी तेरावा श्लोक एकटा उचलला होता. त्याच्या आधी बारावा आहे, आणि त्यात चोर कोण ते स्पष्ट सांगितलंय. शिजवणाऱ्याला चोर म्हटलेलं नाही, परत न देता खाणाऱ्याला म्हटलंय. मी आईला तेराव्यात बसवलं आणि स्वतः कुठल्या श्लोकात बसतो ते पाहिलंच नाही. आणि अकराव्यात तर यज्ञाची व्याख्याच आहे, एकमेकांना पोसणं. तिथे देवांनाही सूट नाही, त्यांनीही परत द्यायचं आहे. ज्या व्यवहारात एकच बाजू देते आणि दुसरी फक्त घेते, त्याला गीता यज्ञ म्हणतच नाही. मग आमच्या घरात यज्ञच नव्हता, तर यज्ञशेष कुठून येणार? आई खात होती ते फक्त उरलेलं होतं.

हे मी ताईला फोनवर सांगितलं. ताई नाशिकला असते, तिचं स्पष्ट मत आहे. ती म्हणाली, "तुला आत्ता कळलं? मला बारा वर्षांची असतानाच माहीत होतं. तू पाटावर असायचास, मी वाढायला असायचे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आकडेही तिच्या बाजूचे आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते, म्हणजे बायकांची दहा मिनिटं कमी झाली तर आमची पण नऊ कमी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं, पुरुषांत २५ टक्के. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्यांत धरलं होतं, भिकारी आणि कैद्यांच्याच गटात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात त्यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. लाखोली वाहणारी बाई, आणि सरकारी कागदावर काम शून्य.

पण मंडळी, इथेच थांबलो असतो तर हे चिंतन झालं नसतं, नुसती चिडचिड झाली असती. कारण एक प्रश्न उरतोच. निष्काम सेवा ही खरी गोष्ट आहे की नाही? की तो फक्त घेणाऱ्यांनी काढलेला गोड शब्द? ताईच्या मते दुसरंच. मला तसं म्हणवत नाही. आजोबांची चादर बदलताना आईचा चेहरा मी पाहिलाय. त्याला शोषण हा एकच शब्द लावला तर तिच्याकडून आणखी काहीतरी काढून घेतल्यासारखं होतं. चाळीस वर्षं तू फसवली गेलीस, एवढंच तिला सांगायचं?

मग एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या अध्यायातला तो प्रसिद्ध सत्तेचाळिसावा श्लोक, फळाची अपेक्षा न धरता कर्म करण्याचा, तो कृष्णाने अर्जुनाला समोरासमोर सांगितलाय. 'तुझा' अधिकार. हे शिकणाऱ्याने स्वतःच्या कामाला लावायचं माप आहे. दुसऱ्याच्या कामाला ते लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? बॉस तुम्हाला म्हणाला की पगारवाढीची अपेक्षा न धरता काम कर, गीतेत सांगितलंय, तर आपल्याला कसा राग येईल! आणि आपण आईच्या बाबतीत नेमकं तेच करतो, वर हार घालतो. शिवाय कृष्णाने सगळं सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायात, त्रेसष्टाव्या श्लोकात, अर्जुनाला मोकळं सोडलंय. याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. सातशे श्लोकांच्या शेवटी निवड अर्जुनाच्याच हातात आहे. माझ्या आईला तिच्या आयुष्यात हा अठराव्यातला श्लोक कुणी ऐकवला होता? यज्ञ करणारा वेगळा आणि यज्ञात टाकलेली समिधा वेगळी. दोन्ही जळताना सारख्याच दिसतात, पण समिधेला कुणी विचारत नाही.

डिसेंबरात आई सहा आठवडे आमच्याकडे पुण्याला होती. एके रात्री तिला हे सगळं वाचून दाखवलं, जुनं लेखन आणि माझे नवे विचार. जुनं ऐकताना ती हसायला लागली.

"निष्काम कसलं रे? मला फळ हवंच होतं. तुम्ही दोघं शिकावं, या घरातून बाहेर पडावं, हे फळच की."

मी म्हटलं, "आणि तुला विचारलं नाही कुणी, त्याचं काय?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मेथी निवडत होती. मग म्हणाली, "तुझ्या आजीला वाढताना मी मनातल्या मनात किती शिव्या घालायचे तुला काय माहीत! रोज. चार-पाच वर्षं. मग एक दिवस मलाच कंटाळा आला. भाकरी तर करायचीच आहे, वर शिव्यांचं काम कशाला करू? सोडून दिल्या. ते तुझं निष्काम का काय, ते त्या दिवसापासून धर."

मी कर्मयोगावर तीन-चार टीका वाचल्यात. इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. तिला काम निवडता आलं नाही. पण त्या कामावर चढलेला राग उतरवायचा की नाही, ते तिने निवडलं. ती निवड खरी आहे, आणि ती पूर्णपणे तिची आहे, आमचं त्यात काहीही नाही. आमच्या वागण्याला तिने काही माफी मिळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला कळायला छत्तीस वर्षं लागली.

बाकी उपाशी राहण्याला गीतेचा पाठिंबा नाही, तेही तिला दाखवलं. सहाव्या अध्यायात, सोळाव्या श्लोकात आहे, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. ती म्हणाली, "हे तुझ्या आजीला वाचून दाखवायला हवं होतं."

इथे विनोबांच्या आईची आठवण येते. रुक्मिणीबाईंनी देवाला तांदळाचे लाख दाणे वाहायचा नेम केला होता, आणि त्या एकेक दाणा मोजायच्या. वडील म्हणाले, एवढं कशाला, तोळाभर तांदूळ मोज आणि त्यावरून वजन करून लाख काढ. (आमच्या धंद्यातला कुणीही हेच म्हणाला असता.) आईने विन्याला विचारलं, आणि तो म्हणाला की हे गणित नाही, भक्ती आहे, तू एकेकच मोज. याच बाईंनी मुलाला सांगितलं होतं की मला संस्कृत गीता कळत नाही, तूच मराठीत कर. ती गेली १९१८ मध्ये. 'गीताई' लिहून झाली १९३०-३१ मध्ये. नंतर १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात, म्हणजे आमच्या गावाहून जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. आईने मागितलेलं मुलाने दिलं, अकराव्या श्लोकातली परतफेड ती हीच. फक्त आईला ते वाचायला मिळालं नाही. मला ही बारा वर्षं फार टोचतात.

म्हणून पुण्यात आम्ही आधी जेवणाची पद्धत बदलली. सोपं नव्हतं. आईला आधी बसवलं तर घास घशाखाली उतरेना. "मी काय पाहुणी आहे?" तिला जबरदस्तीने पहिल्या पंगतीला बसवणं ही आणखी एक आज्ञाच झाली, हे बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही. शेवटी सगळी भांडी मध्ये ठेवून सगळ्यांनी एकदम बसायचं ठरलं. यात गरम फुलका जातो. तो तव्यावरून थेट पानात हवा असेल तर कुणीतरी तव्यापाशी उभं असावंच लागतं, आणि ते कुणीतरी कोण, हे कुठल्याही घरात सांगावं लागत नाही. आम्ही आता कोमट पोळ्या खातो. बाबांनी पहिले चार दिवस तोंड वाकडं केलं. पाचव्या दिवशी मी म्हटलं, बाबा, गरम हवी तर मी उभा राहतो. तेव्हापासून ते काही बोललेले नाहीत. जानेवारीत आईचं हिमोग्लोबिन १०.८ आलं.

आणि एक मागणं तिने त्या मुक्कामात बोलता बोलता सांगितलं. आमच्या गल्लीतल्या राममंदिरात चैत्रात, रामनवमीच्या नवरात्रात, संध्याकाळी नारदीय कीर्तन असतं. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, मग नामाचा गजर, आणि मग उत्तररंगात गोष्ट. आई दरवर्षी जायची, पण गजर सुरू झाला की उठून घरी, कारण साडेसातची भाकरी. "निरूपणं सगळी ऐकली रे मी. गोष्टी अर्ध्याच माहितीयेत." चाळीस वर्षं! मंदिरापासून घर तीन मिनिटांवर आहे.

यंदा मी रामनवमीला सुट्टी काढून गेलो. खिचडी बाबांनी टाकली. हळद दोनदा पडली होती, पण तो विषय नाही. त्या दिवशी आख्यान सखूचं होतं. कऱ्हाडची सून, सासू छळते, पंढरीला जाऊ देत नाही, खांबाला बांधून ठेवते. मग विठ्ठल बाईचं रूप घेऊन येतो, तिला सोडवतो, आणि तिच्या जागी स्वतःला बांधून घेतो. ती पंढरीला जाते. तो तिच्या घरी राहून स्वयंपाक करतो, पाणी भरतो, सासूची बोलणी खातो.

ऐकताना मला माझं जुनं लेखन पुन्हा आठवलं. आपल्या संतांच्या गोष्टींमध्ये देव काम करणाऱ्या बाईसमोर येतो तेव्हा काय करतो बघा. जनाबाईच्या जात्याला हात लावतो, सखूच्या जागी उभा राहतो. 'काय ही निष्काम कर्मयोगिनी' असं म्हणून पाटावर बसून राहिलेला विठ्ठल मी तरी कुठल्याच गोष्टीत ऐकला नाही. तो पाटावर बसलेला मीच होतो.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. सखू पंढरीत देह ठेवते, तिकडे देव अडकून पडलेला, मग रुक्मिणी तिला पुन्हा जिवंत करते, ती परत सासरी येते आणि देव सुटतो. सासरचे लोक शरमतात. आरती झाली, प्रसाद घेऊन आम्ही निघालो. आई गप्प होती. मला वाटलं, भारावली असेल.

गल्लीच्या कोपऱ्यावर ती थांबली. म्हणाली, "परत कशाला आली ती?"

"म्हणजे?"

"मला इतकी वर्षं वाटायचं, ती तिकडेच राहिली असणार. भाकरी करताना मी पुढची गोष्ट मनाने लावायचे ना. माझ्यात ती येत नव्हती परत." थोडं चालल्यावर म्हणाली, "आणि विठ्ठलाला जरा आणखी करू द्यायचं होतं काम."

मग घरी येऊन आम्ही चौघांनी पिवळीधमक खिचडी खाल्ली. ताईसुद्धा आली होती. ताईने आईची गोष्ट ऐकली आणि म्हणाली, हा शेवट लिहून ठेव. म्हणून इथे लिहिला.

उद्या चौदावा श्लोक: अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न. त्याआधी मला उठून कुकर लावायचाय, आज माझा वार आहे.

राम कृष्ण हरी.